घाटातल्या गाड्यांचे फोटो: रूळ नाही, खांब सरळ ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की जुलैमध्ये दोन दिवस कर्जत-लोणावळा घाटात जायचंय, मालगाड्या आणि पॅसेंजर दोन्ही टिपायच्यात, मागच्या वर्षी गेलो तेव्हा फोटो धुरकट आले आणि मुख्य म्हणजे घाट आहे हे फोटोत कळतच नव्हतं, कुठल्याही सपाट लाइनवरची गाडी वाटत होती, तर कुठे उभं राहू, कुठली लेन्स घेऊ आणि सेटिंग काय ठेवू.

मी वीसएक वर्षं बोरघाटात, म्हणजे याच कर्जत-लोणावळा घाटात, जातोय, थोडं कसाऱ्याला आणि थोडं दूधसागरकडे पण गेलोय. लेन्सचं नंतर सांगतो, आधी ते 'घाट कळतच नाही'चं बघू कारण खरा प्रश्न तोच आहे.

बोरघाटाचा चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. रेल्वेच्या हिशोबात हा भयंकर चढ, यासाठीच मागे जादा इंजिनं लावावी लागतात. पण अंशात मोजला तर जेमतेम दीड अंश भरतो! आता दीड अंश फोटोत कसा दिसतो, तर 'कॅमेरा जरा वाकडा धरलाय वाटतं' असा दिसतो. मग आपण घरी येऊन काय करतो, फोटो उघडतो, रूळ तिरके दिसतात म्हणून रुळावर रेघ टाकून फोटो सरळ करून टाकतो, आणि तिथेच घाट पुसला जातो. मी स्वतः पहिली तीन-चार वर्षं हेच करत होतो, शेकडो फोटो असे सरळ करून ठेवलेत. तर नियम एकच, रूळ सरळ करायचे नाहीत, खांब उभे करायचे. ओव्हरहेड वायरचे खांब, सिग्नलचा खांब, पुलाचे दगडी खांब हे सगळं ओळंब्यात असतं, त्यावरून फोटो सरळ करा आणि रुळांना तिरकं राहू द्या. कॅमेऱ्यात लेव्हल दाखवायची सोय असते ती चालू ठेवा, कारण डोंगरात डोळा फसतो, क्षितिज कुठेच नसतं आणि आपण नकळत गाडीला समांतर कॅमेरा धरतो.

दुसरी गोष्ट, बाजूने घेतलेल्या फोटोत चढ कधीच नीट येत नाही, समोरून लांब लेन्सने घ्या. चढ जिथे सुरू होतो किंवा स्टेशनच्या यार्डात जिथे जरा सपाट होतो तिथे रुळांना लांब लेन्समधून स्पष्ट मोड दिसतो, २०० मिलिमीटरच्या पुढे गेलात की तो मोड दाबला जाऊन अजून तीव्र वाटतो आणि गाडी खालून उगवून वर येतेय असं दिसतं. पळसदरी स्टेशनवरून घाटाच्या दिशेने हे करून बघा. प्लॅटफॉर्मवर, तिकीट खिशात ठेवून, पिवळ्या रेघेच्या मागे उभं राहून. आणि जमलं तर ज्याची उंची सगळ्यांना माहीत आहे असं काहीतरी फ्रेममध्ये ठेवा, पुलाची कमान, धबधबा, अगदी टेकाडावरचं घर सुद्धा चालेल.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. गाडीचं तोंड टिपून कॅमेरा खाली करू नका. घाटात गाडीला शेपूट असतं! कर्जतला चढणाऱ्या गाडीला मागून बँकर लागतात, दोन किंवा तीन इंजिनं एकत्र जोडलेली, आणि ती गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. मला हे एका रिटायर्ड ड्रायव्हर काकांनी कर्जतच्या प्लॅटफॉर्मवर शिकवलं, मी डेक्कनच्या तोंडाचे फोटो काढून निघालो होतो तर ते म्हणाले अरे इकडे शेपटाकडे ये, काम तर इथे चाललंय. तेव्हा घाटात डीसी करंट होता आणि बँकर म्हणून डब्ल्यूसीजी-२ लागायची, आज ती इंजिनं घाटात दिसत नाहीत आणि माझ्याकडे त्यांचे जे बरे फोटो आहेत ते सगळे त्या एका वाक्यामुळे आहेत. सपाटीवर कुठेही गाडीचं तोंड मिळतं हो. पण शेवटच्या डब्याला टेकून जोर लावणारी इंजिनं, त्यांच्या ब्लोअरचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्यांचा) आवाज, पुढच्या इंजिनाने शिट्टी दिली की मागून बँकरने दिलेलं उत्तर, हे फक्त घाटातच. आवाज फोटोत येत नाही हे खरं, पण तो तुम्हाला कॅमेरा तयार ठेवायची वेळ सांगतो.

हिशोब सोपा आहे. मालगाडी सहा-सातशे मीटर लांब असते आणि चढावर ताशी २५ किलोमीटरच्या आसपास चालली असेल तर तोंड गेल्यावर शेपूट यायला साधारण ९० सेकंद मिळतात, पॅसेंजरला त्याच्या निम्म्याहून कमी. तेवढ्यात वळून उलट्या दिशेची फ्रेम ठरवायची, एक्स्पोजर बदलायचं. जागा निवडतानाच दोन्ही बाजू बघून ठेवा, पुढची फ्रेम छान आणि मागे झुडूप असं असेल तर ती जागा घाटासाठी अर्धीच.

उजेडाचं पण हेच आहे. लाइन कर्जतहून ढोबळमानाने आग्नेयेला चढते आणि सह्याद्रीची भिंत पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी सूर्य डोंगराच्या आड असतो आणि खालच्या घाटात बराच वेळ सावलीच असते. दुपारनंतर पश्चिमेचा उजेड येतो, तो उतरणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर पडतो आणि चढणाऱ्या गाड्यांच्या शेपटावर, म्हणजे बँकरवर. लाइन इतकी वळते की हे प्रत्येक वळणावर लागू नाही, तेव्हा जागेवर होकायंत्र उघडून बघाच, पण एकच वेळ निवडायची असेल तर मी दुपारी तीननंतरची निवडतो. जुलैत अर्थात सूर्य दिसेलच असं नाही. ढगाळ उजेड काही वाईट नाही, सगळीकडून सारखा पडतो, इंजिनाच्या खालच्या भागातले तपशील सुद्धा येतात. फक्त फ्रेममधून आकाश काढून टाका. पांढरं आकाश वर राहिलं की खालची सगळी हिरवाई काळवंडते. तुमचे फोटो सपाट येण्याचं एक कारण मला तेच वाटतंय.

इथे एक गोंधळ होतो तो आधीच सांगतो. मध्य रेल्वेत मुंबईकडे जाणारी गाडी 'अप' आणि मुंबईहून सुटणारी 'डाउन', त्यामुळे घाट चढणारी गाडी डाउन असते आणि घाट उतरणारी अप! प्लॅटफॉर्मवर कोणी म्हणालं की अपची येतेय तर ती वरून खाली येतेय. मधे अजून एक मिडल लाइन आहे, त्या तिसऱ्या रुळावर दोन्ही दिशांच्या गाड्या चालवता येतात, म्हणून तुम्ही एका रुळावर नेम धरून बसलात आणि गाडी दुसऱ्याच रुळावरून गेली असं होणारच. फ्रेम तिन्ही रुळांना पुरेल अशी ठेवा.

उतरणाऱ्या गाड्यांबद्दल लोकांना फार कमी माहिती असते. घाटात ठराविक ठिकाणी कॅच सायडिंग आहेत, म्हणजे मेन लाइनवरून फुटून डोंगरात वर चढत जाणारा आंधळा रूळ. उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा (गाडीला या किंवा त्या रुळावर वळवणारा जोड) आधी त्या सायडिंगकडेच लावलेला असतो, गाडी तिथे येऊन पूर्ण थांबली, ब्रेक लागताहेत हे सिद्ध झालं, की मग मेन लाइनचा सांधा लागतो आणि सिग्नल मिळतो. ब्रेक निकामी होऊन गाडी सुटलीच तर ती त्या चढावर जाऊन अडकते. फोटो काढणाऱ्यासाठी याचा अर्थ असा की उतरणारी गाडी घाटात मधेच थांबते आणि परत सुटते, तिचा वेग अगदी कमी असतो, आणि मालगाडी असेल तर ब्रेक ब्लॉकचा जळका वास आणि चाकांपाशी निळसर धूर सुद्धा असतो. धुरावर मागून उजेड पडला तर काय दिसतं ते एकदा बघाच. चढणाऱ्या गाडीत जोर दिसायला हवा तसा उतरणाऱ्या गाडीत आवरून धरणं दिसायला हवं, माझ्या दृष्टीने हे दोन पूर्ण वेगळे फोटो आहेत.

कुठे उभं राहायचं. सगळ्यात आधी कुठे उभं राहायचं नाही ते सांगतो, मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी, जांब्रुंग या घाटातल्या सिग्नल केबिनांकडे रुळावरून चालत जायचं नाही. कोणी कितीही सांगू दे की आम्ही गेलो होतो. रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, पण मला दंडापेक्षा बोगद्यांची भीती वाटते. पावसाच्या आवाजात उतरणारी गाडी ऐकूच येत नाही, ती इंजिन जोर लावून चालत नसते, घरंगळल्यासारखी शांत येते, आणि बोगद्यात बाजूला व्हायला जागा नसते. वरून २५,००० व्होल्टची वायर. पावसात तिच्या जवळपास छत्री, सेल्फी स्टिक, ट्रायपॉड उंच करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, वायरला हात लागायची सुद्धा गरज नसते. हे मी कळकळीने सांगतोय, एकाही फोटोसाठी असलं काही करू नका.

मग राहतं काय? भरपूर राहतं. कर्जत स्टेशनवर अर्धा दिवस घालवा, बँकर लागताना आणि निघताना बघा. तिथला वडापाव खाऊन परत शेपटाकडे जा. पळसदरी स्टेशन माझं सगळ्यात आवडतं आहे, खोपोलीचा फाटा तिथूनच फुटतो, लोकल मिळते, मागे डोंगर आहे आणि पावसात त्यावर ढग उतरलेले असतात. वरच्या बाजूला खंडाळा आणि लोणावळा स्टेशन. लोणावळ्याला बँकर सुटतात, ते काम पण बघण्यासारखं आहे. आणि लांबून पूर्ण घाट हवा असेल तर राजमाचीची वाट, तिथून उल्हासच्या खोऱ्यापलीकडे डोंगराच्या कुशीतून जाणारी गाडी दिसते, अगदी बारीक, बोगद्यात शिरते, निघते, परत शिरते. पुढची इंजिनं आणि मागचे बँकर एका फ्रेममध्ये यायची शक्यता अशा लांबच्या जागेवरूनच. त्यासाठी ढग उघडायला लागतात आणि जुलैत ते तुमच्या हातात नाही, सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर मला यासाठी जास्त आवडतो, डोंगर हिरवे असतात आणि हवा धुतलेली. दोन दिवसच असतील तर जुलैत स्टेशनांवर काम करा आणि राजमाची ऑक्टोबरला ठेवा.

मालगाडीला टाइमटेबल नसतं, मग वाट कशी बघायची? बँकरकडे लक्ष ठेवायचं. गाडी वर पोचवून ते मोकळे परत कर्जतला उतरतात, बऱ्याचदा एकाला एक जोडून, आणि ते खाली आले की पुढच्या चढणाऱ्या गाडीची तयारी आहे असं समजायला हरकत नाही. प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्या लोकांशी नीट बोललात तर ते पण सांगतात, पण त्यांच्या कामाच्या मधे मधे करू नका. पॅसेंजरमध्ये डेक्कन क्वीन सगळ्यांना हवी असते, साहजिक आहे, १ जून १९३० पासूनची गाडी. पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते आणि सव्वाआठच्या सुमारास घाट उतरायला लागते. संध्याकाळची मुंबईहून ५:१० ला सुटते आणि साडेसहा-सातच्या दरम्यान कर्जतला येते, जुलैत तेव्हा थोडाफार उजेड असतो, डिसेंबरमध्ये विसरा. २०२२ च्या जूनमध्ये तिला नवीन एलएचबी (मूळ जर्मन रचनेचे) डबे आणि नवीन रंग मिळाला. आणि सोलापूर वंदे भारत, फेब्रुवारी २०२३ पासूनची, ती बँकरशिवाय घाट चढते कारण तिच्या मोटर डब्यांखाली वाटलेल्या असतात. शेपूट नसलेली गाडी घाटात बघताना मला अजूनही काहीतरी राहिल्यासारखं वाटतं, पण एकाच जागेवरून एक बँकरवाली आणि एक वंदे भारत असे दोन फोटो शेजारी लावून बघा, घाट किती बदलला ते त्या दोन फोटोंत येतं.

आता सेटिंग. वेग कमी आहे हा घाटातला मोठा फायदा. सपाटीवर ज्या गाडीला १/१००० सेकंदाचं शटर लागतं तिला इथे १/४०० पुरतं आणि समोरून येणाऱ्या मालगाडीला १/२५० सुद्धा, त्यामुळे अंधाऱ्या पावसात आयएसओ उगाच वाढवावा लागत नाही. डब्यावरचे आणि इंजिनावरचे एलईडी बोर्ड वेगवान शटरला अर्धे तुटलेले येतात, नाव वाचता यायला हवं असेल तर १/१०० च्या आसपास या आणि गाडी थांबलेली असताना घ्या. हेडलाइट हा दुसरा त्रास, धुक्यात तो पांढरा गोळा होऊन बसतो आणि कॅमेरा घाबरून बाकी सगळं काळं करतो. म्हणून मी मॅन्युअल एक्स्पोजर ठेवतो, गाडी यायच्या आधी रिकाम्या रुळावर आणि झाडीवर मोजून ठरवतो आणि मग हात लावत नाही. धुकं स्वतः पांढरं असल्यामुळे ऑटोवर फोटो करडा येतो, त्याला अर्धा ते एक स्टॉप वर लागतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट).

फोकससाठी पण तसंच. धुक्यात ऑटोफोकस पुढेमागे धावत राहतो आणि गाडी निघून जाते, म्हणून गाडी जिथे टिपायची तिथल्या खांबावर आधीच फोकस करून लॉक करा. हो, परत खांब. वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहिलात तर गाडी पूर्ण दिसते, पण खांब कुठे येतो ते बघा, इंजिनाच्या नाकावर खांब आला की फोटो गेला. दोन खांबांच्या मधे इंजिन असताना क्लिक करायचं, आणि पँटोग्राफ, म्हणजे छतावरून वायरला टेकणारा सांगाडा, फ्रेममध्ये पूर्ण ठेवायचा, तो कापलात की विजेची गाडी डोकं नसल्यासारखी दिसते.

लेन्स एकच घ्यायची तर ७०-२००. बरोबर एक साधी २४ ची किंवा मोबाइल, स्टेशनातल्या फ्रेमसाठी. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा लेन्सवरचा फिल्टर, जरूर घ्या, लोकांना वाटतं ते उन्हासाठीच असतं, पण पावसात ओल्या पानांवरची आणि डब्याच्या ओल्या पत्र्यावरची पांढरी चकाकी त्यानेच जाते आणि हिरवा रंग खरा हिरवा येतो. उजेड दीड-दोन स्टॉप खातं, तर अगदी अंधारात काढून ठेवा.

आणि तुमचा धुरकटपणा. मला खात्री वाटतेय की ते धुकं नव्हतं, लेन्सवरचा वाफारा होता. एसी गाडीतून किंवा एसी डब्यातून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढला की घाटातल्या दमट हवेत थंड काचेवर बाष्प धरतं, कपड्याने पुसलं की परत धरतं. माझी एक अख्खी सकाळ अशी गेली आहे, कोळशाची मालगाडी, मागे तीन बँकर, सगळ्या फ्रेम दुधात बुडवल्यासारख्या. उपाय म्हणजे उतरल्यावर कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून वीस मिनिटं थांबायचं, किंवा मुळात साध्या डब्याने जायचं. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या, दोन-तीन सुती रुमाल, आणि लेन्सला हूड, पावसाचे थेंब काचेवर पडू नयेत म्हणून हूडसारखं काही नाही.

गाडीतून फोटो काढायचे असतील तर खोऱ्याच्या बाजूची खिडकी धरा, वळणावर आपलंच इंजिन पुढे दिसतं. दारात लटकू नका, घाटात खांब आणि बोगद्याची तोंडं अगदी जवळून जातात. विस्टाडोमच्या (मोठमोठ्या काचांच्या डब्याच्या) काचेतून काढत असाल तर लेन्सचं तोंड काचेला टेकवा आणि भोवती काळं कापड धरा, नाहीतर डब्यातले दिवे आणि शेजाऱ्याचा शर्टच फोटोत येईल.

कसारा-इगतपुरीचा थळ घाट पण १:३७ चाच, तिथेही बँकर लागतात, कसाऱ्यापर्यंत लोकल आहे, तेव्हा बोरघाटात हात बसला की तिकडे जा. ब्रागांझा घाट, म्हणजे कुळे ते कॅसलरॉक, वेगळा आहे. तिथे मुरगाव बंदरातून कर्नाटकात जाणारा कोळसा चढतो, पुढे मागे इंजिनं, गच्च जंगल, आणि दूधसागरसमोरचा तो पूल. रुळावरून चालत जायला तिथे बंदी आहे आणि ती पाळायची. पाऊस ओसरल्यावर कुळ्याहून जीपने धबधब्याच्या पायथ्याशी नेतात, तिथून वर बघितलं की पुलावरून जाणारी गाडी आणि मागे ३१० मीटरचं पाणी एका फ्रेममध्ये मिळतं, आणि तिथेही मालगाडी आली तर तोंड गेल्यावर थांबा.

एक गोष्ट राहिली. बोरघाटाचं काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६३ ला पहिली गाडी चढली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि पुढचं कंत्राट त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, सांभाळून पुरं केलं. हजारो मजुरांनी हे बोगदे हाताने फोडलेत आणि कितीतरी जण पटकी आणि तापाने तिथेच गेले. आजही पावसाळ्याआधी माणसं दोराला लटकून सुटे झालेले दगड पाडतात आणि पावसात रात्री दिवे घेऊन रूळ तपासत चालतात. तुमच्या दोन दिवसांत प्लॅटफॉर्मवरून यांच्यापैकी कोणी दिसलं तर विचारून त्यांचाही एक फोटो घ्या, आणि पुढच्या खेपेला प्रिंट काढून त्यांना नेऊन द्या. माझ्याकडे २००७ चा अशा एका गँगमनचा फोटो आहे, चढणारी मालगाडी मागून जातेय आणि तो हिरवा झेंडा धरून उभा आहे, पावसाने चिंब. त्या फोटोत रूळ तिरके आहेत आणि तो सरळ उभा आहे.